अकरावं कलम

३ मार्च, सोमवार
नियमावली लिहायचं काम माझ्याकडेच आलं. कोरोस म्हणाले, "तीस वर्षं पेपरात खेळाचं पान लिहिलंस. वकिलांनी लिहिलं की पोरांना कळत नाही. तू लिही." संघटनेचे अध्यक्ष घरी येऊन चहा पीत असं सांगतात, तेव्हा नाही म्हणता येत नाही. विषय – धावपटूंच्या एजंटांची फी. कमाल पंधरा टक्के, यावर सगळ्यांचं एकमत. कशाचे पंधरा टक्के, हाच तंटा.
हो म्हणालो. म्हणायला नको होतं.

५ मार्च
पहिला मसुदा पाठवला. उदाहरण दिलं: बक्षीस चाळीस हजार डॉलर. शर्यत जिथे, तिथलं सरकार बारा हजार कापतं. एजंट आपले पंधरा टक्के हाती आलेल्या अठ्ठावीस हजारांवर घेत नाही, पूर्ण चाळीसवर घेतो. सहा हजार. सरावाच्या छावणीचे चार. पळणाऱ्या पोरीला उरतात अठरा. फी हाती आलेल्या रकमेवर धरली तर तिचे अठराशे वाचतात. आमच्या एल्डोरेटच्या बाजारात दोन दुभत्या गाई!
कोरोस खूश. त्यांना वाटतं उदाहरण मनाचं आहे. ती माझ्या भाचीची, जेबिवोतची, गेल्या वर्षीची शर्यत आहे. एक आकडा मात्र लिहिला नाही. एजंटाच्या सहा हजारांतले आठशे माझ्याकडे आले. पोरीची ओळख करून दिल्याबद्दल, सुरुवातीलाच ठरलेला वाटा.

७ मार्च
टेक्लाचा फोन. बहीण एरवी गाईगुरांचं सांगून मग मुद्द्यावर येते, आज थेट. जेबिवोतला मार्टेनला सोडून दुसऱ्या एजंटाकडे जायचंय. त्या दुसऱ्याने ऑक्टोबरच्या मोठ्या शर्यतीत तिची जागा धरून ठेवली आहे. पण मार्टेन म्हणतो, करार आणखी तीन वर्षांसाठी आपोआप वाढला. सोडायचं तर मुदतीच्या नव्वद दिवस आधी पत्र द्यायला हवं होतं. पोर एकतीस वर्षांची आहे. तीन वर्षांनी तिला कोण बोलावणार? तिने संघटनेकडे तक्रार केली आहे.
"दादा, तूच तर वाचून दाखवलास तो कागद. असं काही होतं का त्यात?"
बघून सांगतो म्हणालो.
बघायची गरज नाही. अकरावं कलम, शेवटचं पान.

८ मार्च
लिहून टाकतो.
कराराचा दिवस. टेक्लाचं अंगण. मार्टेन, मी, मायलेकी, शेजारचे दोन म्हातारे. मी इंग्रजीतलं एकेक कलम आमच्या नंदी भाषेत सांगत होतो. दहा झाली, आणि टेक्ला वाळक्या भोपळ्याच्या भांड्यात आंबवलेलं दूध घेऊन आली. आमच्याकडे दूध आलं की बोलणी संपली. त्यानंतर अटी काढणं म्हणजे घरच्यांच्या तोंडावर थुंकणं. मार्टेनला ते पक्कं ठाऊक. वीस वर्षं इथे काढली आहेत. त्याने पेला दोन्ही हातांनी घेतला. मीही घेतला.
अकरावं कलम मी आदल्या दिवशीच वाचलं होतं. टेक्ला, जरा थांब, एक पान राहिलंय – एवढंच म्हणायचं होतं. ती रुसली असती, संध्याकाळपर्यंत विसरली असती. मी ओठ पुसले आणि सांगितलं, बाकीचं नेहमीचंच आहे.
इतकी वर्षं स्वतःला रिवाजाचं कारण देत आलो. आठशे डॉलर रिवाजात नव्हते.

११ मार्च
जेबिवोत सकाळचं पळणं आटोपून घामातच आली. सुनावणी अठराला. "मामा, तुम्ही फक्त एवढं सांगा की ते पान वाचलं गेलं नाही. तुमचं ऐकतील. तुम्ही पेपरात लिहायचात की मी दमले, तर मलाही वाटायचं आपण दमलो."
हसली. मीही हसलो. चहा ओतला.
मग म्हणाली, मार्टेनला समितीने सगळे हिशोब मागितले आहेत. बरं झालं, कोण कोण किती खातं ते तरी कळेल.
मी साखर विचारली.

१३ मार्च
मसुद्यात नवं कलम घातलं. करार धावपटूच्या भाषेत शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवावा. वाचणाऱ्याने एजंटाकडून काहीही घेतलेलं नसावं. कोरोसनी विचारलं, हे कसं सुचलं? म्हणालो, अनुभव.
लाज वाटली. आणि वाक्य चांगलं जमलं याचं बरंही वाटलं. असा मी!

१४ मार्च
मार्टेनचा फोन. आवाज मधासारखा. तब्येत विचारली, सुनावणीला यायची दगदग कशाला म्हणाला. "आपण एका भोपळ्यातलं प्यायलोय, साहेब."

१७ मार्च
ठरलं. उद्या जाणार, दोन्ही सांगणार – पान आणि पैसे. नियमावलीचं काम जाईल, नाव जाईल. टेक्ला दारात उभं करणार नाही. पण पोर सुटेल. कोट झटकून ठेवला. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

१८ मार्च
नऊच्या आधी पोचलो. कारकून म्हणाला, सुनावणी नाही. काल जेबिवोतबाई मार्टेनच्या हिशोबाची प्रत घेऊन गेल्या आणि तासाभरात येऊन त्यांनी तक्रार मागे घेतली. पुन्हा करणार नाही असंही लिहून दिलं. माझ्यासाठी चिठ्ठी ठेवली होती.
"मामा, तुमचं नाव त्यात आहे. आईला कळता कामा नये. तीन वर्षं मी मार्टेनकडेच पळेन."