काकांच्या फाइलसाठी राजीनामा

पासिर रिस, सिंगापूर
३ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. उद्धवकाकांस,
विश्वासचा शि. सा. नमस्कार.

फोनवरचा संदेश आपण पुरावा मानत नाही, म्हणून पत्र. जानेवारीअखेर मी नोकरी सोडली. पूर्णपणे स्वेच्छेने सोडली. सतरा वर्षांनंतर माणसाने स्वेच्छेने थोडे थांबावे, असे मनात होते. प्रथेप्रमाणे कंपनीच्या पत्राची प्रत आपल्या फाइलसाठी जोडली आहे; तीतही स्वेच्छेचा स्पष्ट उल्लेख आहे. सुचित्रा आनंदात आहे. लेक जाई मला दिवसातून दोनदा रिलॅक्स व्हायला सांगते आणि पुढे इथल्या बोलीतले ते शेपूट, 'लाह', जोडते.

लोभ आहेच, काळजी मात्र नसावी.

आपला,
विश्वास

पुणे
१४ फेब्रुवारी २०२६

चि. विश्वास यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले, फाइलला लावलेले नाही. घरातल्या प्रत्येकाचे नेमणुकीपासून निवृत्तीपर्यंतचे कागद गेली चाळीस वर्षे माझ्याकडे आहेत, परंतु संशयित कागद मी वेगळा ठेवतो. एवढ्याशा पत्रात तू स्वेच्छा तीनदा आणलीस. ज्याने पोळी स्वेच्छेने खाल्ली, तो पोळी खाल्ली एवढेच सांगतो. शिवाय सुचित्रा आनंदात असल्याचे तू सतरा वर्षांत प्रथमच कळवले आहेस. यावरून निघणारे अनुमान मी मांडत नाही. तूच मांड.

इतके कडक लिहू नये, असे तुझ्या उर्मिलाकाकूने सुचवले. सूचना नोंदवून घेतली आहे.

लोभाला स्पष्टीकरणाची अट नाही, अपेक्षा आहे.

तुझा,
उद्धवकाका

पासिर रिस
२६ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. काकांस,
शि. सा. नमस्कार.

मला काढले. आमच्या विभागातल्या अकरा जणांना एकाच दुपारी काढले. निरोपाला केक होता. एचआरमधल्या क्षिप्रा मॅडमना मी हात जोडून विनवले की पत्रात काढले असे लिहू नका, राजीनामा लिहा, ते पुण्याला फाइलला लागायचे आहे. त्या मूळच्या कोलकात्याच्या. घरातले वडीलधारे ही काय चीज असते, ते त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

इथे नोकरी गेलेल्या नागरिकांना सरकार सहा महिन्यांपर्यंत मदत देते. त्यासाठी दर महिन्याला नोकरी शोधल्याचे गुण मिळवायचे असतात: अर्ज केले, वर्गाला बसलो, सल्लागाराला भेटलो. माझी सल्लागार इरा ही जाईहून फार तर सहा वर्षांनी मोठी. तिने मुलाखतीच्या तयारीसाठी मला आरशासमोर हसण्याचा गृहपाठ दिला आहे. तोही मी करतो. पण मदतीचा अर्जच परत आला. मदत काढलेल्यांना आहे, आपणहून सोडणाऱ्यांना नाही; आणि आपणहून सोडल्याचा पुरावा मीच अर्जाला जोडला होता.

कंपनी पत्र दुरुस्त करायला तयार आहे, पण खोटा राजीनामा का मागितला याचे कारण तिला लेखी हवे, आणि ते वरच्यांना पटायला हवे. 'काका' हे कारण मी तीनदा टाइप केले आणि तीनदा पुसले. घराचा हप्ता थांबत नाही. मदत नसेल तर मिळेल ती नोकरी धरावी लागेल.

लोभ उरला असल्यास कळवावे.

आपला,
विश्वास

पुणे
९ मार्च २०२६

चि. विश्वास यास अ. उ. आ.

सोबत तुझ्या कंपनीस उद्देशून इंग्रजी निवेदन आहे. ते न्यायशास्त्राच्या रीतीने पाच अवयवांचे आहे, कारण तीनांत तुझा मूर्खपणा मावेना. सारांश देतो. प्रतिज्ञा: हा राजीनामा लाजेपोटी मागून घेतलेला आहे. हेतू: कारण तो माझ्या फाइलसाठी मागून घेतला आहे. उदाहरण: माझ्या फाइलसाठी मागून घेतलेला कागद लाजेपोटीच असतो, जसे १९९८ सालचे माझे स्वतःचे स्वेच्छानिवृत्तीचे पत्र. उपनय: विश्वासचे पत्रही तसेच आहे. निगमन: म्हणून तेही लाजेपोटीच.

उदाहरणावाचून अनुमान उभे राहत नाही, आणि तिऱ्हाइतास पटेल असे दुसरे उदाहरण माझ्याजवळ नव्हते. त्या वर्षी महाविद्यालयाने तर्कशास्त्र बंद केले व मला घरी बसवले. मी प्राचार्यांकडून स्वेच्छेचे पत्र मागून घेतले आणि तुझ्या वडिलांना तेच दाखवले. खऱ्या नोटिशीची प्रत निवेदनास जोडली आहे.

उर्मिलेला हे ठाऊक नाही, असे मी अठ्ठावीस वर्षे गृहीत धरले होते. काल झेरॉक्स काढून आणताना तिने सांगितले की, त्या दिवशी मी तिच्या दुधीच्या भाजीची स्तुती केली तेव्हाच तिने ओळखले.

हसण्याचा गृहपाठ चालू ठेव. मी करून पाहिला. आपल्या घराण्यात ते स्नायू फारसे वापरलेले नाहीत.

लोभ होता तेवढाच आहे. मोजून पाहिला.

तुझा,
उद्धवकाका

पासिर रिस
२ एप्रिल २०२६

ती. स्व. काकांस,
शि. सा. नमस्कार.

क्षिप्रा मॅडमनी निवेदन त्यांच्या साहेबांना वाचून दाखवले. उदाहरणापाशी साहेबांनी थांबवले, चष्मा पुसला आणि पेन मागितले. मदत मंजूर झाली. इराने निवेदन दोनदा वाचले आणि हे लिहिणारे काका सध्या नोकरी शोधत आहेत का, अशी चौकशी केली. सुचित्रा आनंदात नाही, फक्त बरी आहे. हे खरे समजावे.

दुरुस्त पत्र सोबत आहे. त्यात मला काढले, असे एका ओळीत स्वच्छ लिहिले आहे. फाइलला लावावे, जागा असल्यास १९९८च्या शेजारी.

लोभ तिथेच असू द्यावा.

आपला,
विश्वास