नवरीच्या जागी

उमेळे

मामा, नमस्कार. वाकून नाही, उभ्याउभ्याच.

वालीवच्या कारखान्यात तुम्ही लावून दिलेली नोकरी सोडून मी फोटोग्राफरची असिस्टंट झाले, तेव्हा तुम्ही आईला सुनावलंत, ‘ही आता बोहल्यावर चढत नाही. चढलीच, तर मामा म्हणून मी मागे उभा राहणार नाही.’

त्याआधी नंदाखाल गावातल्या एका लग्नात मी पाहुणी होते. फोटोग्राफरचा माणूस आलाच नाही, म्हणून दिवसभर मी त्याचा लाइट धरला. त्याने माझा नंबर आणखी चौघांना दिला. माझ्या ओळखी अशा झाल्या, तुमच्या शब्दावर नाही.

आणि बोहल्याचं म्हणाल, तर या सीझनला मी बावीस वेळा चढले. नवरी मेकअपला बसलेली असते, तेव्हा लाइट बघायला तिच्या जागी मलाच उभं करतात. मागे मामा नसतो. काही अडत नाही.

रविवारी आपल्या ऋतिकाचं लग्न. तुमची पत्रिका मला आली नाही, काम मात्र आलं. हे पत्र पाठवत नाही, कारण रविवारी तुम्हाला तुमच्या लेकीच्या आधी बोहल्यावर मीच उभी दिसेन.

तेव्हा मागे येऊन उभे राहू नका, मामा. मागचा लाइट अडतो.

तुमचीच भाची,
रेवा