कागदावरची नोकरी

व्हिटबी,
१४ जानेवारी

प्रिय तात्या,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "जाई, तू दिवसभर तिथे नेमकं काय करतेस गं?" दुकानात येणारे सोनार विचारतात, तुम्ही "मोठ्या कंपनीत आहे" म्हणून सांगता, पण पुढे कोणी खोदून विचारलं की तुमची गाडी अडते. मी हसून म्हटलं, पाणी तपासते. तेवढ्यात आईने फोन ओढून घेतला आणि बोलणं आपल्या धाकट्या जयदीपच्या मोटरसायकलवर गेलं. तेव्हा मी सुटले. पण तेव्हापासून भांडी घासताना, बर्फ शोव्हल करताना तोच प्रश्न मी स्वतःला विचारते आहे, आणि एका वाक्यात देता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून लांबलचक लिहिते आहे. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही लगेच "असू दे पोरी" म्हणाला असता आणि तुमच्या मनात काय आलं ते मला कधीच कळलं नसतं. या पत्राचे फोटो जयदीपच्या फोनवर पाठवते. न वाचता तात्यांना दे असं सांगितलंय त्याला, पण तो वाचणारच.

मराठी लिहायचा हात अजून तुमच्यासारखाच आहे बघा, शिरोरेघ आधी आणि अक्षरं मागून. शाळेत मलय, रस्त्यावर तमिळ आणि चिनी, आणि संध्याकाळी भट्टी निवली की मागच्या खोलीत तुमची मराठी. इथल्या महाराष्ट्र मंडळात लोक मला वळून बघतात. "मलेशियाची? मग मराठी कशी?" मी सांगते, आमचे वडील विट्याचे, गलाईवाले; सोनारांच्या दुकानातला केर आणतात, जाळतात, धुतात, मुशीत वितळवतात आणि त्यातलं सोनं काढून देतात. ऐकणाऱ्याला मजा वाटते. मग पुढचा प्रश्न येतो, "आणि तू काय करतेस?"

खरं सांगते. इथला कॉलेजचा कोर्स संपल्यावर दीड वर्ष मी अर्ज करत होते. पाण्याच्या प्रयोगशाळा, नगरपालिका, टोरोंटोच्या कंपन्या, एकदा ओटावालाही जाऊन आले. तुम्हाला आठवतं, मी निघताना म्हणाले होते की या देशात उत्तरेकडे अशी गावं आहेत जिथे घरात नळ असून माणसं पाणी उकळून पितात, मी तिथे काम करणार? मुलाखतीत हे सांगितलं की समोरची माणसं छान हसायची आणि मग विचारायची, कॅनडातला अनुभव किती? अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. पहिल्या हिवाळ्यात मी एका गोदामात खोकी भरली. तेव्हाही तुम्हाला "लॅबमध्ये आहे" असंच सांगितलं होतं. आपल्या घरातली पहिली पदवीधर खोकी भरते हे तुमच्यापर्यंत पोहोचू नये, एवढीच माझी तेव्हाची महत्त्वाकांक्षा होती.

मग मंडळाच्या संक्रांतीला देवेशदादा भेटला. पाण्याचे फिल्टर बसवायची त्याची छोटी कंपनी आहे. त्याची आई, शीलाकाकू, नवऱ्याबरोबर एकाहत्तर साली इथे आल्या, तीस वर्षं बँकेत होत्या. आता काका नाहीत आणि काकूंची आठवण जाते आहे. गॅस चालू राहतो, दार उघडं राहतं. देवेशदादा आणि ईशितावहिनी दोघं दिवसभर बाहेर. त्यांना घरात माणूस हवं होतं, मला राहायला जागा हवी होती. बेसमेंटमधली खोली मिळाली, पगार ठरला. तेव्हा देवेशदादाच म्हणाला, "तू केमिस्ट्रीची ग्रॅज्युएट, तुला 'केअरगिव्हर' म्हणून कसं दाखवायचं? बरं नाही दिसत. कंपनीत वॉटर क्वालिटी टेक्निशियन म्हणून घेतो. तुझा अनुभवही धरला जाईल, पीआरला, इथे कायमचं राहायच्या कार्डाला, अप्लाय करता येईल." त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं, तात्या. आणि माझ्या मनात काय होतं, तेही लपवत नाही. मला हायसं वाटलं. म्हातारीला सांभाळते हे तिकडे क्लांगला तुम्हाला कळवावं लागणार नव्हतं. शाळेच्या फॉर्मवर तुमच्या व्यवसायापुढे तुम्ही मला 'सोन्याचे व्यापारी' लिहायला लावलं होतंत ना? "केर चाळतो असं लिहू नको." मी लिहिलं होतं. तेव्हाही बरं दिसलं होतं.

इथे म्हाताऱ्या माणसांना घरी सांभाळणाऱ्यांसाठी सरकारच्या वेगळ्या योजना येतात-जातात. खरं नाव लिहिलं असतं तर त्यातून माझं काही झालं असतं की नाही, मला माहीत नाही, कारण आमच्यापैकी कोणी विचारायलाच गेलं नाही. आपली माणसं, आपल्या घरातलं काम, त्यात कसली चौकशी करायची? एकमेकांचा मान राखताना आम्ही तिघांनी मिळून ते खोटं इतकं सहज केलं की चहा पिऊन होण्याआधी सगळं ठरलंसुद्धा.

काकूंबद्दल ऐकाल तर तुम्हाला त्या आवडतील. त्यांच्या लेखी मी 'मलायन'. सकाळी आवाज येतो, "ए मलायन, चहात साखर कोण घालणार, तुझा सुलतान?" माझं मराठी ऐकून म्हणतात, "निम्मं सांगलीचं, निम्मं जहाजावरचं." इंग्रजी त्यांच्याकडून गळून पडत चाललंय. नातवाने इंग्रजीत काही विचारलं की त्या माझ्याकडे बघतात, मी सांगायचं. तीस वर्षं बँकेत इंग्रजीत लोकांशी बोललेली बाई. दुपारी त्या खिडकीपाशी बसतात आणि समोरचं तळं बघून विचारतात, "भरती कधी आहे?" पहिले काही महिने मी सांगायचे की काकू, हे तळं आहे, याला भरती नसते. आता म्हणते, संध्याकाळी. त्यांना अंघोळ घालते, वेणी घालते, गोळ्या देते, आणि त्या झोपल्या की वही काढून पाण्यातल्या शिशाचं प्रमाण कसं मोजतात ते वाचत बसते. विसरू नये म्हणून. कधी वाटतं, हे काम माझ्या पदवीपेक्षा लहान नाही. कधी वाटतं, हे मी मनाची समजूत घालायला म्हणते आहे. दोन्ही एकाच दुपारी वाटतं.

आणि या सगळ्यात तुमचा खोकला. गेल्या वर्षी अर्ज भरला त्या दिवशी तुम्ही फोनवर म्हणालात, "तुझं कार्ड आलं की भट्टी बंद. तेजाबाचा धूर खूप झाला. तिकडे येऊन नातवंडं खेळवतो." नातवंडं कुठून आणणार होतात कोण जाणे, पण आई मागून रडत हसत होती ते मला ऐकू आलं. त्या दिवसापासून ते कार्ड माझं राहिलं नाही. रात्री खोकून झाल्यावर तुम्ही आईला "आता थोडेच दिवस" म्हणता, असं जयदीपने सांगितलं. मी रसायनशास्त्र शिकले, तात्या, आणि तुमच्या छातीतल्या धुरावर इतक्या वर्षांत मला एकच उपाय सुचला, तो म्हणजे तुम्हाला तिथून उचलून इथे आणायचं.

आता जे झालं ते. डिसेंबरच्या नऊ तारखेला, सकाळी पावणेअकराला काकू वॉशरूममध्ये पडल्या. मी दारात टॉवेल घेऊन उभी होते. हात पुढे केला, पण पोहोचला नाही. डोकं टबच्या कडेवर आपटलं. आवाज मी ऐकला. रक्त नव्हतं. त्या उलट मलाच म्हणाल्या, "बघतेस काय, उचल की." ॲम्ब्युलन्स बोलावली, देवेशदादाला फोन केला, तो थेट हॉस्पिटलमध्ये आला. नर्सने विचारलं, पडल्या तेव्हा जवळ कोण होतं? डोक्याला लागलं का? रक्त पातळ करायची गोळी आज घेतली आहे का? देवेशदादा माझ्याकडे न बघता म्हणाला की आई घरी एकटीच होती, कोणी पाहिलं नाही, आम्हाला काही माहीत नाही. कारण त्या वेळी मी कागदावर कंपनीत होते. मी त्याच्या मागेच उभी होते, काकूंचं जॅकेट हातात धरून. गोळी आठ वाजता मी दिली होती. आवाज मी ऐकला होता. आणि मी गप्प बसले.

किती वेळ? घड्याळ समोरच होतं, म्हणून सांगता येतं. चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत मी काकूंचा विचार करत होते असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण मी तुमच्या भट्टीचा विचार करत होते. काकू खाटेवर पडल्या पडल्या टोपी कुठे गेली म्हणून विचारत होत्या. मग त्यांनी तेच पुन्हा विचारलं, आणि या वेळी शब्द जिभेवर अडकले. मी उठले, नर्सच्या मागे कॉरिडॉरमध्ये धावत गेले आणि सगळं सांगून टाकलं, वेळ, टबची कड, गोळी. तिने लिहिता लिहिता विचारलं, तू त्यांची कोण? मी म्हटलं, त्यांना सांभाळते, ते माझं काम आहे. तोपर्यंत हे वाक्य मी कुठल्याच भाषेत कोणासमोर बोलले नव्हते.

डोक्यात रक्तस्राव सुरू झाला होता. त्यांनी लगेच डोक्याचा स्कॅन काढला, औषध दिलं. काकू वाचल्या, पण उजवा हात उठत नाही आणि मी आता 'मलायन'ही राहिले नाही. त्या मला हाकच मारत नाहीत. चाळीस मिनिटं आधी सांगितलं असतं तर हात उठला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला वाटतं, ते माझ्याशी दयाळूपणे वागले.

देवेशदादा माझ्यावर रागावला नाही. पार्किंगमध्ये गाडी सुरू न करताच बसून राहिला आणि म्हणाला, "माझ्या तोंडून ते कसं निघालं, जाई? स्वतःची आई आहे ती." त्यानंतर आम्ही त्यावर बोललो नाही. ईशितावहिनीने मात्र दोन दिवसांनी जेवताना हळूच म्हटलं, "हॉस्पिटलचे कागद इमिग्रेशनवाले कशाला बघतात? तू घाबरू नकोस." ती बरोबरच म्हणत होती. कोणालाही काही कळलं नसतं. नाताळानंतर सरकारचं पत्र आलं: तुम्ही नोकरीत रोज काय काम करता ते तुमच्या शब्दांत लिहून पाठवा. देवेशदादाने मजकूर तयार करून दिला. मी तो सुधारायला बसले आणि तात्या, मला तो इतका सुरेख लिहिता आला! नमुने कसे घेते, शिसं कसं मोजते, नोंदी कशा ठेवते. जे काम करायचं म्हणून मी घर सोडलं, ते सगळं त्या एका पानात मी केलं होतं. वाचून कोणीही मला कार्ड दिलं असतं. वरच्या मजल्यावर काकू खिडकीपाशी बसल्या होत्या आणि मी खाली बसून लिहीत होते की सकाळी नऊ ते पाच मी त्या घरात नसते. ते पान मी पाच दिवस तसंच ठेवलं. एकदा पाठवायचं बटण दाबायला बोटही नेलं होतं.

रविवारी फोन ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात की कार्ड आता आलंच समज, या महिन्याच्या शेवटी मालकाला गाळा सोडतो म्हणून कळवणार, भट्टीचं सामान घ्यायला माणूसही पाहिलाय. त्यासाठीच हे पत्र. तात्या, मालकाला कळवू नका. गाळा ठेवा. हे लिहिताना मी तुम्हाला पुन्हा त्या धुरात बसवते आहे, हे मला कळतं, आणि याहून वाईट वाक्य मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही. काल, मंगळवारी दुपारी, काकूंना भरवून झाल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि अर्ज मागे घेतला. देवेशदादाला आधी सांगितलं होतं; त्याने फक्त मान हलवली. माझं परमिट अठरा एप्रिलला संपतं. तोवर काकूंजवळ राहीन आणि मग घरी येईन. तुम्हाला विचारून करायला हवं होतं, असं आई म्हणेल. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि मी तुमचं ऐकलं असतं. म्हणून आधी केलं, आणि मग तुम्हाला लिहायला बसले.

तुमचीच,
जाई