कस्तुरीच्या पाठीवरचे वजन

मी, शमशेर बाबालाल नालबंद, वय ७२, राहणार पाचगणी, धंदा घोड्यांचा, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. घोड्यांनी सवड दिली नाही.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नी सुरय्या आणि मुलगा रिजवान यांच्यात शरियतीप्रमाणे वाटावी. त्यात मी अक्कल पाजळत नाही; तो त्यांचा हक्कच आहे, माझे देणे नव्हे.

२. तबेला, मागचे उड्यांचे मैदान आणि कस्तुरी घोडी नात मदिहा रिजवान नालबंद हिला देतो. हे माझ्या मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यात बसते; तेवढे वारस नसलेल्याला मृत्युपत्राने देता येते. मुलगा हयात असताना नात वारस नसते, म्हणून तिला देण्यास कुणाची संमती लागत नाही. तरी मला रिजवानची हवी आहे, म्हणून कारण लिहितो.

३. माझी उमेदीची वर्षे आयर्लंडच्या तबेल्यांत गेली, नंतरची काही इंग्लंडात. अडथळ्यांच्या हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, म्हणजे सगळ्यांना संधी सारखी. तरी बोटीतून उतरलेले आयरिश घोडे इंग्रजांना त्यांच्याच मैदानात धूळ चारत. इंग्रज म्हणत, वजन ठरवणारा चुकला. माझा मित्र जोतीराम उसाचा शेतकरी, तो म्हणतो, "गड्या, तिथलं गवातच लय भारी असतंय, दुसरं काय न्हाई."

गवत चांगले, कबूल. पण आयर्लंडात कोवळा घोडा शेतातल्या कुंपणांवरून पळतो, पडतो, उठतो. मग दाटीच्या शर्यतींत भल्याभल्यांकडून हरतो. हरल्यामुळे वजन हलके राहते आणि शिकलेले अंगात मुरते. इंग्लंडात चार घोड्यांत सोपी शर्यत जिंकली की वजन चढते, शिकणे तेवढेच राहते. मला त्या आयरिश लोकांचे फार कौतुक वाटते. पडलेल्या घोड्यावर ते चिडत नसत, त्याची कीवही करत नसत. चिखल पुसून त्याला पुन्हा कुंपणापाशी नेत.

४. मागच्या हिवाळ्यात मदिहा कस्तुरीवरून पडली, खांद्याचे हाड मोडले. रिजवान म्हणाला, "अब्बा, आता पुरं. पोरगी हाय माझी, घोडं न्हाई." आणि तिचे खोगीर सांगलीला, विश्रामबागेतल्या आपल्या घरी नेऊन माळ्यावर टाकले. बापाचे काळीज मला कळते. पण हाड कधीच जुळले, आणि पोरगी इथे आली की अजून मैदानाकडे नुसती बघत उभी राहते. ते मला पाहवत नाही. खोगीर रिजवानने परत करावे.

५. रिजवान, बेटा, कुंपण किती उंच ठेवायचे ते तू ठरव. हेल्मेट, खोगिराची बांधणी, सगळे तू तपास. वजन तू घाल, शर्यत तेवढी रद्द करू नकोस.

६. जोतीरामास काही देत नाही. साक्षीदाराला देऊ नये, असे वकील म्हणतात. तबेल्यातली लीद तो उसाला न विचारताच नेतो.

साक्षीदार १: जोतीराम भाऊसो यादव (सही)

दुरुस्ती: कलम ४ मधील शेवटचे वाक्य रद्द समजावे. साक्षीदार क्र. २ ने सगळे दोनदा वाचले. मग पेन मागून म्हणाला, "खोगीर गाडीतच हाय, अब्बा. सकाळीच आणलंय."

साक्षीदार २: रिजवान शमशेर नालबंद (सही)

लिहून ठेवणार: शमशेर बाबालाल नालबंद (सही)
पाचगणी, १४ डिसेंबर २०२५