अळणी मुक्काम

३ नोव्हें. ६१, शुक्र.
दादूसला, माझ्या थोरल्या भावाला, घेऊन पुन्हा पनवेल. डॉ.नी घोट्यावर अंगठा दाबला, खळगा पडला. तो भरायला किती वेळ लागतो हे मी मनात मोजत होतो. फार लागला. मूत्रपिंडं थकली आहेत, हे गेल्याच वेळी सांगितलं होतं. आज चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारलं, "घरात मीठ खरंच बंद आहे ना?"
मी छाती काढून सांगितलं, "महिना झाला. माझ्या देखरेखीखाली."
"मग सूज उतरायला हवी होती." मग म्हणाले, आठवडाभर पाहा. हवापालट, विश्रांती, अळणी साधं अन्न. नाहीतर मुंबईचं इस्पितळ.
करावे गावातून मुंबईच्या इस्पितळात गेलेली दोन माणसं मला माहीत आहेत. दोन्ही परत आली नाहीत.
येताना गाडीत दादूस हसत होता. "जल्मभर मिठागरान मीठ वडला, आनी आता मनाच मीठ बंद." मला हसू आलं नाही.

१० नोव्हें., शुक्र.
दिवाळी झाली. दादूसने चकलीला हात लावला नाही. निदान माझ्यासमोर नाही.
ठरलं. शाळा सुरू व्हायला अवकाश आहे तोवर तीन मुक्काम खारघरच्या डोंगरावर, झऱ्याजवळ. महाबळेश्वर आपल्याला कोण देतो! तंबू म्हणून मचव्याचं जुनं शीड मिळालं. आहाराचा तक्ता केला: ट्रेनिंगच्या आरोग्यशास्त्राच्या वहीवरून, तीन रंगांत. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी तांदळाची भाकरी, दुधी, मुगाचं वरण, संध्याकाळी मऊ भात. रोज एक लिंबू. मीठ या रकान्यात तांबड्या शाईने शून्य.
वहिनीला तक्ता वाचून दाखवला. ती शून्याकडेच बघत राहिली. "मी पन येते, रांधायला." मी नको म्हटलं. दोघांचंच ओझं पुरे आहे, आणि ती आली की दादूस आराम करत नाही. तिला वाईट वाटलं असावं.

१३ नोव्हें., सोम., डोंगर
बेलापूरपर्यंत बैलगाडी, पुढे पायथ्यापर्यंत तीच. वर मात्र चालत. दादूस दर वीस पावलांवर बसायचा. एकेकाळी हाच माणूस डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन बांधावरून पळायचा. मी पुढे चालत होतो म्हणून बरं, चेहरा दाखवावा लागला नाही.
शीड दोन सागांना बांधलं. तक्ता काट्याने झाडाला टोचला. दादूस म्हणाला, "झाड आता पास होनार."
माझी भाकरी तुटली. दुसरीही. तिसरीला दादूसने मला बाजूला सारलं, बसल्या बसल्या उकड मळली, तळहातावर थापली. मळताना त्याचा उजवा हात आपोआप बाजूला गेला, जिथे घरी मिठाचं मडकं असतं. तिथे दगड होता. हात परत आला. आम्ही दोघांनी पाहिलं.
पहिला घास घेऊन म्हणाला, "घरी येवढा अळनी नव्हता लागत."
डोंगराच्या पाण्याने तसं लागत असेल, असं मी सांगितलं. गावचं पाणी मचूळ, इथलं गोड. शास्त्रीय कारण. त्याने मान हलवली आणि खाली बघून जेवला.

१४ नोव्हें., मंगळ.
सकाळी सामान लावताना त्याची चंची उघडली. तंबाखू, चुना, आणि पळसाच्या पानात गुंडाळलेला मिठाचा खडा. सुपारीएवढा.
मी भडकलो. मुलांवर ओरडतो तसाच ओरडलो. इतकी पायपीट करून, शीड डोक्यावर वाहून, तक्ते करून, आणि हा चोरून—
"खायला नाय आनला रं. सोबत हाय." गेल्या हंगामातला पहिला खडा. दरसाल पहिल्या मिठातला एक तो ठेवतो, मला माहीत होतं, पण चंचीत घेऊन फिरतो हे माहीत नव्हतं.
खडा काढून घेतला. सदऱ्याच्या खिशात ठेवला. त्याने दुधी अर्धा टाकला. मीही अळणीच जेवतोय, त्याला सोबत म्हणून. जेवण म्हणजे ओला कापूस चघळणं झालंय. त्याला सांगणार नाही.
दुपारी बराच झोपला. मी खाली पायथ्याकडे बघत बसलो. खाडी, तिच्या कडेने मिठागरांचे चौकोन. हंगामाआधीचे, रिकामे, नुसतं पाणी. यंदा त्याच्या वाट्याच्या चौकोनात कोण उतरणार?

१५ नोव्हें., बुध.
सूज उतरली!
घोट्याची हाडं दिसली. अंगठा दाबला, खळगा लगेच भरला. तीनदा दाबून पाहिला, शेवटी दादूस ओरडला, "पाय हाय तो, पाटी नाय." डोळ्यांखालची फुगीही कमी. मी तक्त्यापाशी जाऊन उगीच उभा राहिलो. खरं सांगायचं तर नाचावंसं वाटत होतं.
दुपारी मऊ भात, शेवग्याचा पाला, लिंबू. माझ्याने घास गिळवेना. तो बघत होता. म्हणाला, "आये मेली तवा पन तू आसाच बसलेला."
मी सात वर्षांचा, दादूस सतरा. आमच्यात सुतकात दहा दिवस अळणी जेवतात. मी जेवेना, दोन दिवस उपाशी. हे मला आठवत होतं. पुढचं नव्हतं. तो म्हणाला, तिसऱ्या दिवशी त्याने मला घरामागे बांधावर नेलं, तळहातावर मिठाचा खडा ठेवला आणि म्हणाला, "चाट आनी जेव." सुतक फिटेपर्यंत, रोज. सुतक मोडलं म्हणून आजवर कोणाला सांगितलं नाही, वहिनीलासुद्धा नाही.
मग मला आठवलं. खारट चव नाही आठवली, त्याचा हात आठवला. त्याच्या बोटांना तेव्हाही मिठाने चिरा पडलेल्या होत्या.
खिशातल्या खड्याबद्दल त्याने विचारलं नाही. मी काढून दिला नाही.

१६ नोव्हें., गुरु., घरी
उतरताना तीनदाच बसला. वहिनी वेशीपर्यंत आली होती. त्याचे घोटे पाहून खाली वाकली, दोन्ही हातांनी चाचपले, मग पदर तोंडाला लावून रडली. मी तक्ता तिच्या हातात दिला. "असंच चालू ठेवा. इतकं सोपं आहे."
"व्हय, भावजी," ती म्हणाली.

२० नोव्हें., सोम.
पाय पुन्हा भरले. आज वहाणेचा अंगठा चढेना.
तेच जेवण, तोच तक्ता, तीच माणसं. पाणी? पाण्यात इतकं मीठ असतं का? उद्यापासून वरच्या विहिरीचं पाणी आणायचं.

२२ नोव्हें., बुध.
आज शाळेतून लवकर आलो. दादूस जेवत होता. त्याच्यासाठी वेगळ्या टोपात केलेलं वरण मी सहज बोटाने चाटलं.
खारट. भाजी चाटली, खारट. भातसुद्धा.
म्हणजे सबंध महिना. मी डॉ.समोर छाती काढून सांगत होतो तो सबंध महिना. आणि डोंगरावर "घरी येवढा अळनी नव्हता लागत" हे त्याने सांगितलं, तेव्हा मी त्याला पाण्याचं शास्त्र शिकवलं!
वहिनीला विचारलं. ती भिंतीला टेकली. "सुतकात जेवतात तसला ताट मी जित्या मानसापुढं कसा ठेवू, भावजी? त्याच्या नावाचा कुकू लावते मी. चिमूटभरच टाकते. शकुनापुरता."
मिठागरवाल्यांची चिमूट. आमच्या चिमटीत चार घरांचं कालवण शिजेल.
आणि मी म्हणालो ते म्हणालो. "तुम्हीच मारताय त्याला." दादूस ताटावरून उठला नाही, हातही थांबवला नाही. घास गिळून म्हणाला, "मना ठावं होता."
"मग का खाल्लंस?"
"मी जेवलू नाय तं ती जेवत नाय."
लिहिलेलं वाक्य खोडता येतं. ते तोंडातून गेलेलं नाही खोडता येणार.

२३ नोव्हें., गुरु.
वहिनीची माफी मागितली. चुलीकडे बघतच म्हणाली, "तुमी खरा तेच बोललात." खरंही होतं आणि नव्हतंही. एवढा मास्तर झालो, पण हे तिला समजावता आलं नाही.
आजपासून ती एकाच टोपात रांधते, सगळ्यांचं अळणी. मडकं उचलून माझ्या खोलीत आणून ठेवलं. वाढताना दादूसकडे बघत नाही, ताट ठेवते आणि मागच्या दारी जाऊन बसते.

२८ नोव्हें., मंगळ.
शेजारची काकी विस्तव मागायला आली, कालवण चाखलं, आणि दारातूनच दबक्या आवाजात विचारलं, "कोन गेला गं तुमच्यात?" वहिनी मटकन खाली बसली.
सूज मात्र उतरत नाही. आता खरंच मीठ नाही. मी रोज चाखतो. म्हणजे उशीर झाला का? महिना वाया गेला तो कुणाच्या खात्यावर, तिच्या की माझ्या? मी एकदा, फक्त एकदा, आधी चाखून पाहिलं असतं तर. तीन रंगांत तक्ता केला, पण बोट बुडवून पाहिलं नाही.
दादूस दोन घास खातो, तिसऱ्याला थांबतो. अन्न आत जात नाही आणि पाणी बाहेर येत नाही.

१ डिसें., शुक्र.
पनवेल. डॉ. या वेळी फार वेळ तपासत बसले नाहीत. चिठ्ठी दिली. मुंबई. सोमवारी सकाळच्या लाँचने निघायचं.
मी त्यांना सगळं सांगितलं, चिमटीचंही. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "आता जेवतात का?" विचारलं. नाही म्हणालो. "काहीतरी पोटात जायला हवं. ताकद नाही उरली." मीठ द्यायचं का हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

३ डिसें., रवि.
उद्या निघायचं. वहिनीने गाठोडं बांधलं. त्यात शीडाचा एक तुकडा, अंगावर घ्यायला. का विचारलं तर म्हणाली, "त्याच्यान तो बरा झालेला."
दुपारी ताट समोर ठेवलं, भात, दुधी, लिंबू. दादूसने हात लावला नाही. चेहरा इतका सुजलाय की डोळे हसतात का रडतात कळत नाही. मग त्याने उजवा तळहात माझ्यापुढे केला, उघडा. चिरा अजून आहेत, सुजेने ताणल्यात एवढंच.
"काय?"
"खिशान हाय ना तुझ्या?"
डोंगरापासून आहे. रोज सदरा बदलला की त्यातून यात ठेवतो. का, ते मलाही सांगता येणार नाही.
"दादूस, डॉक्टर—"
"एकदा चाटतू, मंग सगला जेवतू. तू जेवलास तसा."
वहिनी मागच्या दारी गेली नाही आज. उंबऱ्यावर उभी आहे आणि माझ्याकडे बघते आहे, दे म्हणून की नको म्हणून, मला ओळखता येत नाही. मी उठलो, वही काढली. मला दुसरं काही सुचलं नाही. तो समजला. लहानपणापासून समजतो.
"लिव," तो म्हणाला. "आधी लिव तुझ्या वहीन. मी थांबतू."
भात निवतो आहे. त्याचा हात अजून तसाच पुढे आहे.