आभाराचा फ्लेक्स

१० फेब्रुवारी, सोमवार

केंद्राच्या दारावर कागद! आधी वाटलं, सुट्टीची नोटीस असेल. वाचलं तर — 'शासनाचे अनुदान ३१ मार्चपर्यंतच असल्याने त्यापुढे केंद्र सुरू राहील याची खात्री देता येत नाही.' खाली सही, सहीवर शिक्का. संपलं!

करिष्मा मॅडम आत इंदूला घेऊन बसल्या होत्या. रोजचाच खेळ. पाठीमागे डबा हलवायचा, दाणे वाजले की इंदूने वाटीत एक मणी टाकायचा. मला हळूच म्हणाल्या, "तासभर तिच्यासमोर चेहरा नीट ठेवा." ठेवला. बसमध्ये मात्र जमलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

निवेदनाला जोडायला प्रत्येक पालकाने आपल्या मुलाविषयी चार ओळी द्यायच्या आहेत. मी तीनदा लिहून फाडल्या. शेवटी हे दिलं —

"माझी मुलगी इंद्रायणी साडेतीन वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ऑपरेशन झालं, कानामागे मशीन बसलं. पण मशीनमुळे फक्त आवाज येतो. तो आवाज म्हणजे काय, हे केंद्रात शिकवतात. आज तिला बावीस शब्द येतात. पहिला 'दे', दुसरा 'आबा', तिसरा 'नाही'. पाच वर्षांच्या आत जे येतं ते सोपं, नंतर फार कठीण, असं मॅडम सांगतात. केंद्रात अशी चौसष्ट मुलं आहेत. कृपा करून निधी थांबवू नका."

'नाही' तर काय खणखणीत म्हणते! शेजारच्या काकूंनी बिस्किट पुढे केलं तरी — नाही!

मॅडम हे सगळं आमच्या आमदारांना देणार, शिवाय पोस्टाने आणखी वीस आमदारांना पाठवणार. कुठल्याही जिल्ह्याचे, कुठल्याही पक्षाचे. "एक जण जरी सभागृहात उभा राहिला तरी बास," म्हणाल्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आमदारांकडे जाऊन आलो. अकरा पालक. यशोदाबाई चाकणहून दोन बस बदलून आल्या, नातू कडेवर. गणराज आता पाच वर्षांचा, कडेवर मावत नाही. पण रस्त्यावर त्या त्याला खाली सोडत नाहीत. मागून हॉर्न दिला तर त्याला अजून कळत नाही.

साहेब चांगलं बोलले. चहा झाला, निवेदन धरून फोटो झाला. मॅडम म्हणाल्या, "अधिवेशनात हा विषय घ्या साहेब, बजेटमध्ये तरतूद राहू द्या." साहेब म्हणाले, "ताई, काम झालं समजा!"

बाहेर आल्यावर यशोदाबाई म्हणतात कशा — "समजा म्हंजी? झालं का न्हाई झालं?"

सगळे हसले. मीही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांचा पीए ओंकार दुकानात आला होता. पुढच्या महिन्यात साहेबांचा वाढदिवस, त्याचे फ्लेक्स आमच्याकडेच. चिंचवड स्टेशनजवळच्या या दुकानात नऊ वर्षं मी हेच करतेय. वाढदिवस, निवड, अभिनंदन, आभार. माणसं गोरी करायची, गॉगल चकचकीत करायचा. कुणाला काहीतरी हवंय असा फ्लेक्स नऊ वर्षांत एकही केलेला आठवत नाही.

मी केंद्राचं विचारलं. ओंकार म्हणाला, "ताई, रोज पन्नास निवेदनं येतात. साहेब विसरतात हो. पण आभाराचा फ्लेक्स लागला की मग करावंच लागतं." आमचे मालक नानासाहेब मान डोलवत म्हणाले, "आधी आभार, मग काम. असंच चालतं आपल्याकडं."

मला पटलं. खरं तर ओंकार बोलायच्या आधीच माझ्या डोक्यात डिझाइन तयार होतं. हे इथे लिहून ठेवते, उगाच दुसऱ्यावर ढकलायला नको.

१८ फेब्रुवारी

केला. दहा बाय वीस. 'कर्णबधिर बालकांच्या केंद्राचा निधी मार्गी लावल्याबद्दल कार्यसम्राट आमदारसाहेबांचे जाहीर आभार! — समस्त पालक.' मधोमध निवेदनाचा फोटो. यशोदाबाईंचा चेहरा थोडा उजळ केला.

समस्त पालकांपैकी एकालाही विचारलं नाही. ग्रुपवर टाकलं असतं तर आठवडाभर नुसती चर्चा झाली असती.

२० फेब्रुवारी

चौकात लागला. साहेबांनी फेसबुकवरही टाकला. चाकणहून शिफ्ट संपवून येताना इंदूच्या बाबाने, ज्ञानेशने बघितला. चप्पल काढायच्या आधीच — "मंजूर झालं? मला बोलली नाहीस!"

"होणारच आहे."

"म्हणजे झालेलं नाही," म्हणाला, आणि हात धुवायला गेला. या माणसाला कुठल्याच गोष्टीचं कौतुक नाही.

२७ फेब्रुवारी

ओंकारला फोन केला. "प्रोसेसमध्ये आहे, ताई."

३ मार्च

मुंबईत अधिवेशन सुरू झालं. ओंकार फोन उचलत नाही.

६ मार्च, गुरुवार

ओंकार स्वतःच आला — वाढदिवसाचं प्रूफ बघायला. साहेबांच्या हनुवटीखालची घडी काढ म्हणाला. काढली. केंद्राचं विचारलं तर, "बघतोय ना ताई." दुपारभर समोरच्या खुर्चीत बसून होता.

मध्येच मुंबईहून एक फोन आला. चुकीचा नंबर.

१२ मार्च, बुधवार

आज मॅडमचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला.

त्या वीस आमदारांपैकी एकाने खरंच आपला विषय उचलला होता! लांबच्या जिल्ह्यातले, आपल्याशी काही घेणंदेणं नसलेले. त्यांनी लक्षवेधी दिली होती — म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागलं असतं, केंद्र चालू राहणार की नाही. आणि त्यांनी ती मागे घेतली. मॅडमनी त्यांच्या ऑफिसला विचारलं, तर तिकडून म्हणे, "तुमचं काम झालंय ना? चौकात आभाराचा फ्लेक्स लागलाय. आम्ही चौकशीही केली."

"कुणाकडे केली चौकशी?" मॅडम आम्हा सगळ्यांकडे बघत विचारत होत्या. "माझ्याकडे तर नाही केली!"

मग सगळेच बोलायला लागले. फ्लेक्स कुणी लावला? पैसे खाल्ले असतील. पार्टीचाच माणूस असणार. यशोदाबाई म्हणाल्या, "कुन्या मेल्यानं माझं थोबाड लावलं त्यावर?"

मी इंदूच्या मशीनची वायर नीट करत बसले. वायर नीटच होती.

१३ मार्च

होळी. पुरणपोळ्या केल्या. माझ्या वाटच्या शेजारच्या काकूंना दिल्या.

२३ मार्च, रविवार

त्या बुधवारनंतर यशोदाबाई केंद्रात आल्याच नाहीत. दुकानाला सुट्टी होती, ज्ञानेशच्या गाडीवर चाकणला जाऊन आलो.

घराच्या बाजूला गोठा. गोठ्याच्या छपरावर माझा फ्लेक्स! साहेब उलटे, हात जोडून हसतायत, खाली म्हैस रवंथ करतेय. मी तिथेच उभी राहिले.

यशोदाबाई अंगणात गणराजला शिकवत होत्या. स्टीलचा डबा, आत ज्वारी. त्याच्या पाठीमागे हलवायच्या, आणि तो पाटावर एक बटण ठेवायचा. सगळं मॅडमसारखं. "एकतिसला बंदच व्हनार," म्हणाल्या, "आत्तापास्नं घरची सवय लावती त्याला. पर मला काय येतंय? डबा वाजिवता येतो. फुडचं कुठं येतंय?"

मग माझी नजर कुठे आहे ते त्यांनी बघितलं.

"वाऱ्यानं पडला व्हता, ल्योक घिऊन आला. खाली बारीक अक्षरात तुझ्या दुकानाचं नाव हाय, अन् तुझा फोन नंबर. सुनंनं वाचून दावलं."

कोपऱ्यातली ती ओळ! नऊ वर्षं प्रत्येक फ्लेक्सवर टाकते. इतकी सवय, की आता टाकते हेही कळत नाही.

"मग तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? पोरीसाठीच केलंस न्हवं? साह्यबाला खूश कराया गेलीस, चुकलीस. त्यात काय पाप न्हाई." आणि पदरात वालाच्या शेंगा घातल्या. वर म्हणतात, "जाताना पोरीला दूध पाज, उन्हाची आलीय."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. गाडीवर मागे बसून सगळा रस्ता रडले. ज्ञानेशला वाटलं, धूळ गेली डोळ्यात.

२४ मार्च

एक फोन करायचा आहे. उद्या करते.

२५ मार्च

उद्या.

२७ मार्च, गुरुवार

६ मार्चचा फोन चुकीचा नव्हता.

"मी रोहिदास, मुंबईहून, आमदारांच्या ऑफिसातून," असं त्याने नीट सांगितलं होतं. फ्लेक्सच्या फोटोत खाली नंबर दिसला म्हणून केला, म्हणाला. "तुम्ही पालक आहात का? आमचे साहेब केंद्राचा प्रश्न मांडणार आहेत. पण हा फ्लेक्स बघितला. निधीचं खरंच झालंय का?" समोर ओंकार बसलेला. वाटलं, आपण दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी बोललो हे कळलं तर आमचे साहेब बिथरतील, होणारं कामही जाईल. म्हटलं, "हो. झालंय." ओंकारने विचारलं, कोण होतं? म्हटलं, चुकीचा नंबर. रात्री वहीतही तेच लिहिलं. माझ्या स्वतःच्या वहीत! यशोदाबाईंनी मला फ्लेक्सची माफी दिली. हे त्यांना माहीतच नाही.

आज फोन लावला. सगळं सांगितलं, नावानिशी. रोहिदासने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, अधिवेशन काल संपलं. आता थेट पावसाळ्यात. तुम्ही त्या दिवशी नुसतं 'नाही' म्हणाला असतात तरी पुरे होतं."

इंदूला बावीसच शब्द येतात. त्यातला तो तिसरा.