पाचवं मत

५ जानेवारी २०२६

रविवारी निवड चाचणी. राज्याच्या संघात कलात्मक स्केटिंगसाठी मुलींची एकच जागा. निवड समितीत आम्ही पाच जण, अध्यक्ष वसंत सर. आणि उमेदवारांत माझी सख्खी भाची – इरावती!

रात्री ताईकडे जेवले. इरावती म्हणाली, "मावशी, तू समितीत नकोसच. बाहेरच्या मुलीला सात देतेस, मला साडेसहा!" सगळे हसले. मीही. पण शिवाजी पार्कावरून घरी येईपर्यंत तेच डोक्यात – खरंच असं करते का मी?

८ जानेवारी

ऑलिंपिकला बर्फावरचे स्केटर कसे निवडतात, ते वाचत बसले. तिथेही काही देश एका दिवसाच्या गुणांवर जात नाहीत. वर्षभराचं बघतात, मग समिती ठरवते. चाचणीत पहिली आलेली घरी राहू शकते. आमचंही तसंच – फक्त बर्फाऐवजी फरशी, आणि मध्यंतरात बटाटेवडे.

११ जानेवारी, रविवार

झालं एकदाचं!

इरावती नेहमीसारखी – नेटकी, एकही चूक नाही. वर्षभर अशीच खेळली, दोन पदकं मिळवली. दुसरी मेघना, लालबागची. जूनमध्ये घोटा मोडला, अख्खा हंगाम गेला. दाखवायला काहीच नाही. पण आज! शेवटची गिरकी घेताना जवळजवळ जमिनीला टेकली आणि फिरतच राहिली. वडे खाणारेसुद्धा थांबले. थोडक्या गुणांनी तीच पहिली.

तिचे वडील दौलतभाऊ कठड्याला घट्ट धरून उभे होते. "पायाक काय झाला नाय, बस झाला मॅडम!" – एवढंच.

मग समितीची बैठक. मनात विचारलं, कोण? मेघना. लगेच. आणि मग शंका – ती खरंच सरस आहे, की माझी भाची नाही म्हणून सरस वाटते? ते साडेसहा आठवलं. उठले. "सर, इरावती माझ्या घरातली. मी बाहेर बसते."

सर म्हणाले, "शाब्बास."

पायरीवर बसून चहा प्यायले. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. दार उघडलं – निवड इरावतीची! वर्षभराची कामगिरी बघून. मी विचारलंही नाही कुणी काय मत दिलं. देवाची कृपा, मला ठरवावं लागलं नाही.

१२ जानेवारी

ताईचा फोन. रडतच होती. "नमू, तू उठून गेलीस म्हणून आज माझ्या पोरीकडे कुणी बोट दाखवू शकत नाही. तुझे उपकार गं."

कसले उपकार? उपकार सरांचे. लहानपणी माझ्या मापाचे स्केट्स नव्हते, तर पुढे कापूस कोंबून त्यांनी मला उभं केलं. पडले की म्हणायचे, "फरशीला सॉरी म्हण आणि ऊठ." आता या वयातही त्यांनीच सांभाळून घेतलं. किती माणसं चांगली भेटली मला!

१३ जानेवारी

मेघनाची गिरकी डोळ्यांसमोरून जात नाही. पुढच्या वर्षी तिचीच जागा, असं मनाशी म्हटलं. मग आठवलं – पुढच्या वर्षी ती या वयोगटात नसणार.

१४ जानेवारी, संक्रांत

सरांकडे तिळगूळ घेऊन गेले. पाया पडले, आभार मानले.

"आभार कसले मानतेस? फार अटीतटीचं झालं गं. दोघं इरावतीकडून, दोघं मेघनाकडून. दोन-दोन! मग अध्यक्षाचं जादा मत असतं ना, ते मी इरावतीला दिलं. म्हटलं, नम्रता एवढ्या सचोटीनं उठून गेली, तिच्या प्रामाणिकपणाचा तोटा पोरीला नको." वर हसून, "यादी उद्या पाठवतोय. घे, अजून एक लाडू घे."

घेतला.

मी आत असते तर तीन-दोन. मेघना.

चप्पल पायातच आहे. आधी ताईकडे जाते, मग परत सरांकडे – यादी जायच्या आत.